कुकरमधील सकाळची पेज : ओट, दलिया आणि कण्या

सकाळच्या न्याहारीचा प्रश्न वरवर लहान वाटतो, पण घरातील प्रत्येकाचा दिवस त्यावर अवलंबून असतो. कामशेत, कान्हे, वडगाव या भागातील असंख्य माणसे पहाटेची लोकल धरून तळेगाव, चिंचवड, पिंपरीकडे कामाला जातात. पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली, आणि तेव्हापासून मावळातील कित्येक घरांचे घड्याळ त्या गाडीवर चालते. घाईत चहा आणि बटर पोटात ढकलून माणूस बाहेर पडतो व दुपारच्या सुट्टीपर्यंत तसाच राहतो. मुलेही बऱ्याचदा उपाशीपोटी शाळेत जाऊन बसतात. सर्वांना गरम न्याहारी द्यायची तर घरातील बाईला पहाटे चारला उठून चुलीपाशी किंवा गॅसपाशी उभे राहावे लागते. या अडचणीवर बहुतेक घरांत आधीपासून असलेला प्रेशर कुकर चांगला उपयोगी पडतो. तो कसा, हे या लेखात पाहू.

कुकर काम कसा करतो?

उघड्या भांड्यातील पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते. कामशेत सुमारे सहाशे मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे ते साधारण ९८ अंशांनाच उकळते. त्यानंतर जाळ कितीही वाढवला तरी पाणी जास्त तापत नाही, फक्त वाफ होऊन उडून जाते. कुकरमध्ये ही वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदू ११८ ते १२० अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे टणक दाणा लवकर शिजतो. या तत्त्वावरचे पहिले भांडे देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली बनवले. हाडे मऊ करणे हा त्याचा हेतू होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिटी होते म्हणजे जादा वाफ बाहेर पडते. एकदा पुरेसा दाब तयार झाला की मोठ्या आचेने आतील उष्णता वाढत नाही, गॅस मात्र जळतो. म्हणून पहिली शिटी झाली की आच मंद करावी आणि पुढे शिट्या न मोजता मिनिटे मोजावीत.

ओट म्हणजे काय?

ओट हे थंड हवेतील धान्य आहे. आपल्या राज्यात ते मुख्यतः जनावरांच्या चाऱ्यासाठी पेरतात. खाण्याचे ओट दुकानात प्रामुख्याने दोन प्रकारचे मिळतात. एक, वाफवून लाटलेले, पोह्यांसारखे चपटे. दुसरे, दाण्याचे तुकडे केलेले जाडसर, आपल्या लापशीच्या रव्यासारखे. चपटे ओट साध्या पातेल्यात पाच मिनिटांत शिजतात, त्यांच्यासाठी कुकर लावण्याची गरज नाही. जाडसर ओट मात्र पातेल्यात अर्धा तास ढवळत बसावे लागतात. कुकरचा खरा फायदा त्यांनाच होतो.

ओटमध्ये बीटा-ग्लुकान नावाचा विरघळणारा तंतू असतो. पेजेला येणारा बुळबुळीतपणा त्याचाच. दिवसाला तीन ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात गेल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते, असे आढळले आहे. मधुमेह असलेल्यांनी झटपट शिजणाऱ्या बारीक ओटांपेक्षा जाडसर ओट घ्यावेत, कारण त्यांमुळे रक्तातील साखर सावकाश वाढते.

पद्धत

ओट थेट कुकरमध्ये शिजवू नयेत. त्यांचा चिकट फेस वर येतो आणि शिटीची नळी तुंबू शकते. खाली लागण्याचीही भीती असते. आपण वरण-भाताला वापरतो ती डब्याची पद्धत येथे सर्वांत सुरक्षित आहे.

१. रात्री झोपण्यापूर्वी एक वाटी जाडसर ओट धुऊन पाण्यात भिजत घालावेत. उन्हाळ्यात पाणी आंबू शकते, म्हणून सकाळी ते ओतून द्यावे.

२. सकाळी डब्यात ओट, तीन वाट्या ताजे पाणी, चिमूटभर मीठ आणि तेलाचे चार थेंब घालावेत. तेलाने फेस कमी होतो. डबा निम्म्याहून अधिक भरू नये.

३. कुकरच्या तळाला दोन पेले पाणी घालून जाळीवर डबा ठेवावा, त्यावर ताटली झाकावी. झाकण लावण्यापूर्वी नळी मोकळी आहे ना, रिंग नीट बसली आहे ना, हे पाहावे.

४. पहिल्या शिटीनंतर मंद आचेवर दहा ते बारा मिनिटे ठेवून गॅस बंद करावा. कुकर आपोआप निवू द्यावा. शिटी उचलून वाफ काढू नये आणि झाकण ओढू नये.

५. झाकण निघाल्यावर गरम दूध घालून घोटावे. गूळ घालायचा असल्यास शेवटी, पेज थोडी निवल्यावर घालावा, म्हणजे दूध फाटत नाही. दूध कुकरमध्ये घालू नये, ते उतू जाते.

गोड नको असल्यास जिरे, लसूण आणि हिरव्या मिरचीची फोडणी द्यावी, वर ताक व दाण्याचे कूट घालावे. भिजवतानाच मूठभर मूगडाळ टाकली तर न्याहारी अधिक पौष्टिक होते.

या सगळ्याला एकूण अर्धा तास लागतो. म्हणजे घड्याळाचा वेळ फारसा वाचत नाही. वाचतो तो ढवळत उभे राहण्याचा वेळ. पाच मिनिटांचे हातकाम झाले की आंघोळ, डबा भरणे, मुलांची वेणीफणी सारे त्या वेळात उरकते.

आपली धान्ये मागे नाहीत

ओटचे पाकीट महाग वाटत असेल तर त्यावाचून काही अडत नाही. हीच पद्धत आपल्या धान्यांनाही लागू पडते. गव्हाच्या दलियाला तेवढेच पाणी आणि तेवढाच वेळ पुरतो. ज्वारीच्या कण्या रात्रभर भिजवून चौपट पाण्यात वीस मिनिटे ठेवाव्यात. तांदळाच्या कणीची पेज सातपट पाण्यात पंधरा मिनिटांत होते. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी तांदूळ मुळातच चिकट व सुवासिक असल्याने त्याची कणी पेजेला फार चांगली. नाचणीचे पीठ मात्र कुकरमध्ये घालू नये. ते तळाशी बसून गोळा होते. ते थंड पाण्यात कालवून पातेल्यातच ढवळावे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, इतके दुसऱ्या कोणत्याही नेहमीच्या धान्यात नाही.

कण्या आणि आंबील हे गरिबीचे अन्न, अशी एक बोच आपल्या मनात आहे. आपल्या आजी-आजोबांनी त्यांवर दिवस काढले ते नाइलाजाने, हे खरे आहे. पण दोष त्या धान्याचा नव्हता, ते पोटभर मिळू न देणाऱ्या व्यवस्थेचा होता. २०२३ हे वर्ष जगाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि तीच ज्वारी-नाचणी आज शहरात आरोग्याचा आहार म्हणून विकली जाते. पेजेला तर फार जुना मान आहे. विनयपिटकाच्या महावग्गात, अंधकविंद येथील प्रसंगी, भगवान बुद्धांनी यागूचे म्हणजे पेजेचे दहा गुण सांगितले आहेत. पेज देणारा आयुष्य, कांती, सुख, बळ आणि प्रतिभा देतो. शिवाय पेज भूक व तहान भागवते, वात सरळ करते, मूत्राशय शुद्ध ठेवते आणि न पचलेले पचवते.

शेवटी एक विनंती. न्याहारी करणे हे काम आईचेच, असे धरून चालू नये. रात्री धान्य भिजवणे आणि सकाळी डबा कुकरात ठेवणे कोणत्याही पुरुषाला सहज जमेल. मोठ्यांनी दोनतीनदा समोर उभे राहून शिकवले तर दहावीतला मुलगाही ते करू शकेल. ज्या घरात हे काम वाटून घेतले जाईल, त्या घरातील माउलीलाही लोकल धरण्यापूर्वी बसून चार घास गरम खाता येतील.