न पाहता घेतलेले कासव

घरात कासव असणे शुभ, या समजुतीने काहीजण विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून, छायाचित्रही न पाहता पैसे देतात. हाती आले ते तारा कासव असेल तर? काळसर घुमटाकार कवच व त्यावरील प्रत्येक उंचवट्यापासून फाकणाऱ्या पिवळ्या रेषा, ही त्याची खूण साध्या छायाचित्रातही दिसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने ही जात अनुसूची १ मध्ये आली. अपराध सिद्ध झाल्यास ३ ते ७ वर्षे कारावास व किमान २५,००० रुपये दंड आहे. डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले पाणकासव मात्र खरोखरच परदेशी, मूळचे अमेरिकेतील. त्याचे रुपयाएवढे पिल्लू पुढे ताटाएवढे होते. मग कंटाळलेला मालक ते तळ्यात सोडतो आणि स्थानिक कासवांच्या अन्नात वाटेकरी निर्माण होतो. तारा कासव हाती आलेच असल्यास रानात न सोडता जवळच्या वन कार्यालयास कळवावे.