हात पोचतो का?

सकाळी ६.३०
मांडवीला ओहोटी लागलीय. यार्डाच्या उतारावर चिखल उघडा पडलाय. शेडमध्ये ५० फुटी फायबरची बोट, अंगाने मासेमारीच्या ट्रॉलरसारखी. फक्त जाळी आणि बर्फाच्या जागी दोन माणसांचा संसार. असल्या बोटीला ट्रॉलर यॉट म्हणतात. मी इथला इंजिन-पाइपांचा माणूस. कामगार यायच्या आत टॉर्च घेऊन बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळपोकळीत, उतरतो आणि भोकं मोजतो. शाफ्ट-सुकाणूची सोडून, पाण्याखालची. पहिल्या नकाशात १४ होती. जनरेटर काढला, फ्रीज हवेवर थंड होणारा घेतला, धुण्यापुसण्याचं खारं पाणी एकाच जाड नळीतून वाटून घेतलं. आज ६ आहेत.

८.००
हजेरी, चहा. फिटर कीलच्या, म्हणजे तळाच्या कण्याच्या, कडेने कूलरचे पाइप बांधतोय. इंजिनाचं गोडं पाणी या बंद पाइपातून बोटीबाहेर फिरून येतं आणि समुद्र त्याला बाहेरूनच थंड करतो. खारं पाणी इंजिनापर्यंत येतच नाही, त्यामुळे ते ओढणारा पंप नको, त्याचा रबरी इम्पेलर नको, प्लॅस्टिकच्या पिशवीने तुंबणारी जाळी नको. फुकट मात्र काही नसतं. पाइपांवर शेवाळ-शिंपले बसतात, ते खरवडावे लागतात. बोट खडकाला घासली तर पहिला मार त्यांनाच.

९.३०
डे टँक, म्हणजे रोजच्या डिझेलची टाकी, बसला. इंजिनाच्या वर, म्हणजे डिझेल आपल्या वजनानेच खाली येईल. तळाला एक कॉक: साचलेलं पाणी आणि गाळ तिथून काढायचा. पातळी बघायला टाकीच्या अंगाला उभी पारदर्शक नळी, बघून झालं की बंद करायची. फिल्टर दोन, मध्ये एक दांडी. एक तुंबला की दांडी फिरवायची आणि इंजिन चालू ठेवूनच तुंबलेला बदलायचा.

११.००
मालक आले. पुण्याचे, निवृत्त इंजिनिअर, सोबत मॅडम. लक्षद्वीपला जायचंय. कोची ते कवरत्ती ४०४ किलोमीटर. सात नॉटने साधारण ३१ तास. पाण्यावर ४६ फूट लांबीच्या बोटीची मर्यादा नऊ नॉटच्या आसपास. त्यापुढे कितीही ताकद लावा, डिझेलच जळतं. म्हणून इंजिन एकच.

साहेबांच्या हातात यादी असतेच. आज दिवे, पंप, टाक्या, सगळं एका टचस्क्रीनवर हवंय. मी म्हटलं, “साहेब, स्क्रीन बघायला ठेवा. पण प्रत्येक पंपाला साधं बटण पाहिजे.” ऑटोपायलटला माझी ना नाही, ३१ तास सुकाणू कोण धरणार? पण हाताचं चाक त्याच्याविना चाललं पाहिजे. मुंबईत बांधलेल्या ३२ फुटी ‘सुहैली’ची आपोआप सुकाणू सांभाळणारी यंत्रणा वाटेतच मोडली होती. तरी १९६८-६९ मध्ये तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ३१२ दिवसांत एकटे, न थांबता पृथ्वीला वळसा घालून आले. साहेबांनी यादीत खूण केली.

दुपारी १.००
भात, हुमण. सुतारकामाचे आबा जेवता जेवताही लाकूड तासतायत: शंकूच्या आकाराची बुचं, प्रत्येक भोकाशेजारी दोरीने बांधून ठेवायला. सागवानात हयात गेली, मऊ लाकडाला हात लावायचा म्हणजे त्यांना कमीपणा वाटतो. पण मऊ लाकूडच पाण्यात फुगून घट्ट बसतं.

२.३०
माझी परीक्षा. शेडचे दिवे बंद. साहेबांना बिल्जच्या तोंडाशी बसवलं आणि म्हटलं, “डोळे मिटा. नळी फुटलीय. कॉक बंद करा.” पाण्याखालच्या भोकांचे पहिले चार कॉक सापडले. पाचव्याला मनगट पाइपाच्या ब्रॅकेटमध्ये अडकलं. पाण्याखाली दोन फुटांवर दीड इंची भोक उघडं राहिलं तर मिनिटाला दीडशे लिटरच्या वर पाणी आत येतं. पूर्वी एका बोटीच्या चाचणीत मीच कॉक सुंदर फळीमागे लपवला होता. पाणी घोट्यापर्यंत आलं तरी माझे स्क्रूच सुटत नव्हते. ब्रॅकेट आजच कापला.

४.३०
डोलण्याचा प्रश्न. माझं मत ठरलेलं: दोन्ही बाजूंना लांब काठ्या, त्यांना टांगून पाण्यात सोडलेले धातूचे पंख. पंप नाही, भोक नाही. थोडा वेग जातो, जाऊ दे. साहेबही तयार. मॅडम इतका वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, “समुद्र खवळल्यावर या वयात डेकवर जाऊन ती काठी कोण सोडणार? हे की मी?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सकाळपासून हात पोचतो का, एवढंच विचारत होतो. कोणाचा हात, हे विचारलं नव्हतं. मग बोटीच्या अंगातूनच बाहेर निघणारे दोन हायड्रॉलिक फिन घ्यायचं ठरलं. अट एकच: बिघडले तर मधोमध सरळ आणून खिळीने अडकवता आले पाहिजेत, म्हणजे बोट डोलेल, पण घरी येईल. खिळीची जागा मॅडमनीच वाकून, हात घालून पाहिली.

संध्याकाळी ६.००
मधे भरती येऊन गेली, उतारावरचा चिखल पुन्हा उघडा पडतोय. रजिस्टरात लिहिलं: पाण्याखालची भोकं, सकाळी ६, संध्याकाळी ८. आबांना सांगितलं, अजून दोन बुचं लागतील, आणि ही जाड.