ब्राउझर वारंवार बंद पडतो तेव्हा

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज आता महाडीबीटी या संकेतस्थळावरून भरले जातात. उत्पन्नाचा व जातीचा दाखला जोडून होतो, गुण भरून होतात आणि नेमक्या त्याच वेळी संगणकावरील ब्राउझर आपोआप मिटतो. अंतिम तारीख उद्यावर आलेली असते. अशा वेळी 'संगणकच जुना झाला' असा निकाल देऊन मोकळे होण्याची रीत सर्वत्र आहे. ते कारण खरे असूही शकेल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला साधनांची छाननी केल्यावाचून निष्कर्ष काढता येत नाही, आणि येथेही तीच शिस्त उपयोगी पडते असे आम्हांस वाटते.

पहिला प्रश्न असा की, नेमके बंद काय पडते? २००८ साली गूगलचा क्रोम ब्राउझर आला तो प्रत्येक टॅब शक्यतो स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालविण्याची रचना घेऊन. त्यापूर्वी बहुधा एक पान कोसळले की सर्व पाने त्यासोबत जात. आज बहुतेक ब्राउझर याच धर्तीवर चालतात. म्हणून एकच टॅब कोसळत असेल तर संशय त्या पानावर किंवा अपुऱ्या मेमरीवर घ्यावा. संपूर्ण खिडकीच नाहीशी होत असेल तर ब्राउझरची आवृत्ती, एक्स्टेन्शन, अँटीव्हायरस किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर यांकडे वळावे. सारा संगणकच गोठत अथवा निळा पडदा दाखवीत असेल, तर दोष बहुधा ब्राउझरच्या बाहेरचा असतो. रॅम, उष्णता, वीजपुरवठा यांची तपासणी करावी.

एक्स्टेन्शनचा संशय दूर करणे सर्वांत सोपे. क्रोमच्या इन्कॉग्निटो खिडकीत ती आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. तेथे काम सुरळीत झाले, तर सर्व एक्स्टेन्शन बंद करून एकेक पुन्हा सुरू करीत जावे. दोन बदल एकाच वेळी करू नयेत. नाहीतर कशाने गुण आला हे कधीच कळत नाही. फायरफॉक्समध्ये शिफ्ट कळ दाबून ठेवून ब्राउझर उघडल्यास ट्रबलशूट मोडचा पर्याय मिळतो. त्यात एक्स्टेन्शनबरोबर हार्डवेअर अॅक्सेलरेशनही बंद असते. त्यामुळे तेथे सुधारणा दिसली तर या दोहोंची तपासणी वेगवेगळी करावी लागते.

मेमरीचा हिशेब क्रोममध्ये शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून पाहता येतो. कोणता टॅब किती मेमरी खातो ते तेथे स्पष्ट दिसते. चार जीबी रॅमच्या यंत्रावर अर्जाच्या शेजारी व्हिडिओ उघडे ठेवणे म्हणजे एका ताटात दहा जण बसविणे होय.

ब्राउझर काढून पुन्हा बसविणे हा लोकप्रिय उपाय अनेकदा निष्फळ ठरतो, कारण वापरकर्त्याचे प्रोफाइल संगणकात तसेच राहते आणि बिघाड त्यातच असेल तर तो परत येतो. त्याऐवजी नवे प्रोफाइल तयार करून पाहावे. जुने पुसण्याची घाई नको. जतन केलेले पासवर्ड त्यातच असतात.

आता 'जुना संगणक' या निकालाकडे येऊ. विंडोज ७ चे पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबविले. क्रोमची १०९ ही आवृत्ती त्या प्रणालीसाठी अखेरची ठरली. अशा संगणकावर क्रोम त्यापुढे अद्ययावत करणे शक्यच नसते, आणि नव्या धाटणीची काही संकेतस्थळे त्याला पेलत नाहीत. येथे दोष यंत्राचा नसून प्रणालीचा आहे. त्याच यंत्रावर हलकी लिनक्स प्रणाली बसविल्यास ते आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकते.

उरला पुरावा. विंडोजच्या शोधपेटीत 'रिलायबिलिटी' हा शब्द इंग्रजीत लिहिल्यास दिवसवार नोंदींचा तक्ता उघडतो. बंद पडलेल्या कार्यक्रमाची तारीख, वेळ आणि पुष्कळदा सदोष घटकाचे नावही त्यात सापडते. ग्राफिक्सच्या एकाच फाइलचे नाव पुनःपुन्हा आले, तर नवा संगणक मागण्यापूर्वी ड्रायव्हर बदलावा. प्रत्येक संगणकाजवळ एक वही ठेवून तीत वेळ, उघडी पाने आणि केलेला बदल विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्यावा, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या तुकडीला शून्यापासून आरंभ करावा लागणार नाही.