समुद्रातली मशाल

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, भर अरबी समुद्रात, तेलाचं एक गाव आहे. लोखंडी पायांवर उभं असलेलं. आपण त्याला बॉम्बे हाय म्हणत आलो, आता मुंबई हाय म्हणतो. त्या गावाचा फोटो तुम्ही कधी ना कधी वर्तमानपत्रात पाहिला असेल. त्या फोटोत एक गोष्ट बहुतेक वेळा असतेच. ती म्हणजे प्लॅटफॉर्मपासून दूर काढलेल्या लांब लोखंडी हाताच्या टोकावर पेटलेली मशाल. तेल काढणारे लोक तिला फ्लेअर म्हणतात.

ही मशाल का जळते, ती अशीच जळत राहायला हवी का आणि ती लहान कशी ठेवता येते, या तीन प्रश्नांवर आज बोलायचं आहे. मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए. शमा-परवान्याच्या शेरांवर वाढलेल्या माणसानं ज्योत लहान करण्याबद्दल बोलावं, याचं माझ्या काही मित्रांना हसू येईल. पण या ज्योतीत आपल्या स्वयंपाकघरातलं इंधन जळत असतं, म्हणून हा विषय केवळ इंजिनिअरांवर सोडून देण्यासारखा नाही.

आधी वायू येतो कुठून ते पाहू. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी आत ढकलली की फस्सकन आवाज होतो आणि शांत दिसणारं पाणी फसफसून वर येतं. तो वायू आधीपासूनच पाण्यात विरघळलेला असतो, दाबाखाली गप्प बसलेला असतो एवढंच. जमिनीखालच्या तेलाचंही असंच आहे. मुंबई हायचं तेल समुद्रतळाखाली हजार मीटरहून खोल, चुनखडीच्या खडकात आहे. तिथं प्रचंड दाब असतो. विहिरीतून तेल वर येऊ लागलं की दाब उतरतो आणि त्यात मुरलेला वायू सुटा होतो. म्हणजे वायू नको, फक्त तेल द्या, असं त्या खडकाला सांगता येत नाही. दोन्ही एकत्रच येतात, सोबत पाणीही येतं.

हे सगळं मिश्रण सेपरेटर नावाच्या मोठ्या टाकीत सोडतात. तिथं पाणी तळाशी बसतं, तेल त्याच्यावर तरंगतं आणि वायू वर जमतो. आता खरा पेच सुरू होतो. तेल टाकीत ठेवता येतं, जहाजात भरता येतं, गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबवता येतं. वायू थांबत नाही. त्याला जागा फार लागते आणि तो न्यायचा तर दाब वाढवणारे कॉम्प्रेसर हवेत, पाइपलाइन हवी आणि पाइपलाइनच्या दुसऱ्या टोकाला तो घेणारं कोणीतरी हवं. यातली एक गोष्ट जरी नसली, तरी हाताशी आलेला वायू जाळून टाकला जातो. मग मशाल मोठी होते.

आपल्याकडे हेच घडलं. ‘सागर सम्राट’ या जहाजानं फेब्रुवारी १९७४ मध्ये इथं तेल शोधलं आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. सुरुवातीला तेल टँकरमधून किनाऱ्याला येई, पण वायूला वाट नव्हती. १९७८ मध्ये उरणपर्यंत समुद्रतळावरून पाइपलाइन आली. तरीही पुढची काही वर्षं तेलाचं उत्पादन जितक्या झपाट्यानं वाढलं, तितक्या झपाट्यानं कॉम्प्रेसर आणि वायू वापरणारे कारखाने वाढले नाहीत. बराच वायू समुद्रावरच जळून गेला.

तो काळ आठवा. गॅसच्या शेगडीसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत होते. घरोघरी स्टोव्हला पंप मारणं चालू होतं, रॉकेलच्या रांगा होत्या. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. तेलासोबत येणाऱ्या वायूतून हे दोन्ही वेगळे काढता येतात. पुढे उरणला ते काढू लागले. ट्रॉम्बे आणि थळच्या खत कारखान्यांना, वीज केंद्रांना वायू मिळू लागला. हजिऱ्याहून विजयपूरमार्गे उत्तर प्रदेशातल्या जगदीशपूरपर्यंत मोठी पाइपलाइन टाकली गेली. १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि मुंबईत नळाचा गॅस घरात आला. घेणारे वाढले, तशी मशाल लहान होत गेली. खालचा खडक तोच होता, बदलली ती किनाऱ्यावरची तयारी.

तुम्ही म्हणाल, मग ती पूर्ण विझवून का टाकत नाहीत? तसं करून चालणार नाही. तेलाच्या प्लॅटफॉर्मवर दाबाखालचा वायू नळ्यानळ्यांतून फिरत असतो. एखादा कॉम्प्रेसर अचानक बंद पडला, वीज गेली, एखादा व्हॉल्व्ह अडकला, तर तो वायू काही मिनिटांत बाहेर काढावा लागतो. त्या वेळी त्याला माणसांपासून दूर नेऊन जाळणं हाच उपाय असतो. २७ जुलै २००५, मुंबईतल्या महापुराचा दुसरा दिवस, आठवतो का? त्या दिवशी मुंबई हायच्या एका प्लॅटफॉर्मच्या उभ्या नळावर मदतीचं जहाज आदळलं. वायू सुटला, पेटला आणि दोन-तीन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. २२ माणसं गेली. तिथला वायू म्हणजे काय चीज आहे, हे त्या दिवशी साऱ्या देशानं पाहिलं. म्हणून मशालीची एक लहान ज्योत सतत तेवत ठेवतात, घरात एखादा दिवा रात्रभर ठेवावा तशी. गरज पडली तर तिच्यावरच मोठा वायू पेटतो.

तेव्हा दोन मशालींत फरक करायला हवा. एक संकटाची मशाल. ती हवीच. दुसरी रोजची मशाल, वायूची सोय केली नाही म्हणून जळणारी. आपला वाद आहे तो दुसरीशी.

आता धुराकडे वळू. वायू जाळण्यापेक्षा हवेत सोडून दिला तर? तेही कुठे कुठे होतं आणि ते जाळण्याहून वाईट. या वायूतला मुख्य घटक मिथेन. वीस वर्षांच्या हिशेबात, वजनास वजन धरलं, तर मिथेन पृथ्वीला कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त तापवतो. नीट जळाला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे ताप राहतो, पण पुष्कळ कमी. अट एकच, ज्योत नीट जळली पाहिजे. वारा जोराचा असला, वायूत तेलाचे थेंब राहिले, ज्योतीला हवा कमी पडली, की काळा धूर निघतो. तो धूर म्हणजे काजळी. म्हणून चांगल्या फ्लेअरमध्ये वायू आधी एका टाकीतून नेऊन त्यातले थेंब गाळतात आणि ज्योतीत वाफ किंवा हवा फुंकतात. चुलीला फुंकर घालणाऱ्या आपल्या आया-आज्यांना हे शास्त्र कोणी शिकवायची गरज नव्हती.

पण ज्योत आहे म्हणजे सगळा वायू जळतोच, असंही नाही. फ्लेअरमध्ये ९८ टक्के मिथेन जळतो, असं अनेक वर्षं धरून चालत. अमेरिकेतल्या तीन मोठ्या तेलक्षेत्रांवर विमानं उडवून मोजमाप केलं आणि २०२२ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की प्रत्यक्षात ९१ टक्क्यांच्या आसपासच मिथेन संपतो. काही ज्योती तर विझलेल्याच होत्या आणि त्यांतून वायू सरळ आकाशात जात होता. दोन टक्क्यांच्या जागी नऊ टक्के, म्हणजे न जळलेला मिथेन चौपटीहून जास्त.

या मशालीची किंमत सगळ्यांत जास्त कोणी मोजली असेल, तर नायजेरियातल्या नायजर नदीच्या मुखाजवळच्या लोकांनी. तिथं १९५६ मध्ये तेल सापडलं. नदीच्या शाखा, खारफुटी, शेतं, मासेमारी, असा आपल्या कोकणच्या खाड्यांना जवळचा वाटावा असा तो मुलूख. तिथल्या मशाली समुद्रात दूर नव्हत्या, गावांना लागून होत्या. रात्री अंधार नाही, छपरांवर काजळी आणि घरात मात्र वीज नाही. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण सहज वापरतो, तिथं ती अक्षरशः खरी होती. केन सारो-विवा हा तिथला लेखक आपल्या ओगोनी लोकांच्या जमिनीसाठी उभा राहिला. लष्करी राजवटीनं नोव्हेंबर १९९५ मध्ये त्याला आठ साथीदारांसह फाशी दिलं.

नायजेरियात कायदा नव्हता असं नाही. १९७९ च्या कायद्यानं वायू जाळणं थांबवण्यासाठी १ जानेवारी १९८४ ही तारीख दिली होती. पण परवानग्या आणि किरकोळ दंड यांतून पळवाटा निघाल्या आणि तारीख पुढे पुढे सरकत राहिली. नोव्हेंबर २००५ मध्ये बेनिन शहरातल्या न्यायालयानं निकाल दिला, की गावालगत असा वायू जाळणं हा माणसाच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. त्या निकालाची अंमलबजावणीही रखडली. पुढे वायू द्रवरूप करून निर्यात करण्याची सोय वाढली, तशी तिथली आग पुष्कळ कमी झाली. थांबलेली मात्र नाही.

याच्या उलट नॉर्वेचं उदाहरण. उत्तर समुद्रात एकोफिस्क इथं १९६९ मध्ये त्यांना तेल मिळालं. १९७१ मध्ये त्यांच्या संसदेच्या समितीनं तेलाबाबत दहा तत्त्वं ठरवली. त्यांतलं एक असं, की वापरता येण्याजोगा वायू जाळायचा नाही, चाचणीच्या थोड्या काळाचा अपवाद. मग कंपन्यांना वाट शोधावीच लागली. जर्मनीच्या एम्डेनपर्यंतची पाइपलाइन १९७७ मध्ये तयार झाली. तोवर त्यांनी वायू दाबून पुन्हा खडकात भरला. तसं भरण्यात एक फायदाही असतो. खडकातला दाब टिकतो आणि तेल जास्त निघतं. १९९१ पासून तिथं अशा ज्योतीवर कार्बनचा करही आहे.

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात २०१० नंतर इतक्या विहिरी खोदल्या गेल्या, की तिथल्या ज्योती रात्री उपग्रहाला शहरासारख्या दिसू लागल्या. २०१४ मध्ये राज्यानं नियम केला, की वायूचा ठरलेला हिस्सा पकडा, नाहीतर तेलाचं उत्पादन कमी करावं लागेल. मग वायू पकडण्याचे कारखाने उभे राहिले आणि जाळण्याचं प्रमाण खूप उतरलं.

वायूचं करायचं काय, याची उत्तरं जुनीच आहेत. प्लॅटफॉर्मची वीज त्याच्यावर चालवता येते. तो विहिरीत सोडून जड झालेलं तेल वर उचलता येतं, मुंबई हायच्या विहिरींत हे वर्षानुवर्षं करतात. तो खडकात परत भरता येतो, पाइपलाइनने पाठवता येतो. विहीर लहान आणि दूर असेल तर जागेवरच जनरेटर लावता येतो. शिवाय गळती शोधावी लागते. मिथेनला रंग नाही, वासही नाही. आपल्या सिलिंडरला येणारा वास मुद्दाम मिसळलेला असतो. म्हणून गळती पाहण्यासाठी खास कॅमेरे वापरतात आणि तेलाच्या टाक्यांतून उडणारी वाफ गोळा करून पुन्हा नळात घालतात.

जगाचा हिशेब मात्र अजून उलटाच आहे. रोजचं जाळणं २०३० पर्यंत बंद करण्याचा संकल्प जागतिक बँकेच्या पुढाकारानं २०१५ मध्ये झाला. पण बँकेनंच उपग्रहांच्या साहाय्यानं केलेल्या मोजणीत २०२४ साली १५१ अब्ज घनमीटर वायू जळाल्याचं दिसलं. २००७ नंतरचा हा सर्वांत मोठा आकडा. आपला अख्खा देश वर्षभरात जितका नैसर्गिक वायू वापरतो, त्याच्या साधारण दुप्पट वायू असा नुसता जाळला गेला. यातली पाऊण आग नऊ देशांत आहे आणि त्यांचा तेलातला वाटा निम्म्याहूनही कमी. म्हणजे तेल काढायचं तर वायू जाळावाच लागतो, ही सबब टिकत नाही.

आपलं मुंबई हाय आता पन्नाशी ओलांडून गेलं आहे. तिथलं उत्पादन पुन्हा वाढवण्यासाठी ओएनजीसीनं २०२५ मध्ये ब्रिटनच्या बीपी कंपनीची तांत्रिक मदत घेतली. तेल वाढलं तर आनंदच आहे, आपण बहुतेक तेल बाहेरून आणतो. पण यापुढे कुठेही नवं तेल सापडल्याची, उत्पादन वाढल्याची बातमी वाचाल, तेव्हा किती पिंप तेल एवढंच वाचून पान उलटू नका. त्यासोबत येणाऱ्या वायूची सोय काय केली आहे, तेही शोधा. आणि ते बातमीत नसेल, तर वर्तमानपत्राला, आपल्या खासदाराला विचारा. हा प्रश्न विहिरी सुरू होण्याआधी विचारला गेला, तर उत्तराला अर्थ राहतो. मशाल पेटल्यावर विचारला, तर नायजेरियासारखी वर्षं जातात.