चक्रक दोष आणि संगणकाची स्मृती



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते आम्हांला संस्कृत शिकवीत. वर्गात कोणी फिरून फिरून त्याच ठिकाणी येणारे उत्तर दिले की, 'चक्रक झाले, बसा' असे म्हणत. न्यायशास्त्रातील हा शब्द मला पुन्हा भेटला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी. संगणकाच्या मूळ प्रणालीवर काम करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले, 'सर, पहिला दुसऱ्यासाठी अडला आहे, दुसरा तिसऱ्यासाठी आणि तिसरा पुन्हा पहिल्यासाठी. याला मराठीत काय म्हणावे?' शब्द माझ्याजवळ तयार होता. विषय मात्र उतारवयात त्याच्याकडूनच शिकावा लागला. तो जेवढा मला उमगला तेवढा आज आपल्यापुढे मांडतो.

संगणकातील सर्व कार्यक्रमांच्या तळाशी एक मूळ कार्यक्रम अखंड चालू असतो. त्याचे इंग्रजी नाव देवनागरीत लिहिले की फौजेतला कर्नल डोळ्यांपुढे उभा राहतो; म्हणून मी त्याला गाभा म्हणेन. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने आरंभिलेला लिनक्सचा गाभा कोणासही वाचावयास खुला आहे. माझी उदाहरणे त्यातलीच आहेत. स्मृतीचे वाटप हे या गाभ्याचे एक मोठे काम. बहुतेक संगणकांत ४०९६ बाइटांचे एकेक पृष्ठ पाडून तो ती वाटतो. एकाच नोंदीवर दोघांनी एकाच वेळी हात घातला तर नोंद बिघडते, म्हणून प्रत्येक नोंदीला कुलूप असते. ज्याच्या हाती कुलूप, त्याने काम उरकावे, इतरांनी थांबावे.

इंदूरच्या जुन्या वाड्यात कोठीची किल्ली देवघरात आणि देवघराची किल्ली कोठीत राहून दोन्ही दारे बंद झाली, तर काय होईल? तेच येथे होते. यंत्र मोडत नाही, चुकीचे उत्तरही देत नाही, केवळ थांबते. आणि जे लेखन अजून डिस्कवर उतरले नव्हते, ते यंत्र बंद करून पुन्हा चालू करताना कायमचे जाते.

न्यायशास्त्राने या जातीच्या दोषांचे प्रकार पाडले आहेत. वस्तू स्वतःवरच अवलंबून असेल तर आत्माश्रय, दोन वस्तू एकमेकींवर अवलंबून असतील तर अन्योन्याश्रय, तीन किंवा अधिकांचे वर्तुळ झाले तर चक्रक. मला नवल वाटले ते याचे की तिन्ही प्रकार गाभ्यात जसेच्या तसे सापडतात.

आत्माश्रय पाहा. फाइलीच्या एका पृष्ठावर मजकूर लिहावयाचा आहे. गाभा त्या पृष्ठाला कुलूप लावतो आणि लिहावयाचा मजकूर आणावयास जातो. आता तो मजकूर नेमका त्याच पृष्ठावर असेल, आणि ते पृष्ठ अद्याप डिस्कवरून स्मृतीत आलेले नसेल, तर ते आणण्यासाठी पुन्हा तेच कुलूप हवे! म्हणून हे कुलूप हाती असताना गाभा मजकुराचे पृष्ठ आणावयास जात नाही; ते कुलूप हाती नसतानाच आणून ठेवतो.

अन्योन्याश्रयाला दोन प्रक्रिया लागतात. एकीने फाइलीचे कुलूप धरले आहे आणि तिला स्मृतीच्या नकाशाचे हवे आहे. दुसरीने नकाशाचे धरले आहे आणि तिला फाइलीचे हवे आहे. कॉफमन, एल्फिक आणि शोशानी या तिघांनी १९७१ साली दाखवून दिले की अशी कोंडी होण्यास चार गोष्टी एकत्र याव्या लागतात: वस्तू एका वेळी एकाच्याच हाती असणे, हातातली न सोडता दुसरीसाठी थांबणे, ती कोणी हिसकावून घेऊ न शकणे आणि प्रतीक्षेचे वर्तुळ होणे. कुलूप म्हटले की पहिल्या तीन गोष्टी बहुधा आल्याच. मोडता येते ते वर्तुळ. त्याचा उपाय आयबीएममधील हॅवेंडर यांनी १९६८ मध्येच सांगितला होता: सर्व कुलपांना एक क्रम लावा आणि प्रत्येकाने त्याच क्रमाने ती घ्यावीत. मग ज्याच्या हाती क्रमातील शेवटचे कुलूप आहे, त्याला पुढे कशासाठीही थांबावे लागत नाही. तो आपले काम संपवतो, त्याच्यामागचा सुटतो, आणि अशी सर्व रांग मोकळी होते. लिनक्समध्ये हा क्रम स्मृती-व्यवस्थेच्या काही फाइलींच्या आरंभीच टीपरूपाने लिहून ठेवला आहे. फाइलीचे कुलूप आधी, स्मृतीच्या नकाशाचे नंतर, पृष्ठाचे त्याहून नंतर.

हे ऐकून मला वाटले, प्रश्न मिटला. विद्यार्थी हसला. कारण स्मृती मागणे हे कुलूप नव्हे. पण तेथेही थांबावे लागते. मोकळी पृष्ठे संपत आली की मागणाऱ्यालाच जुनी पृष्ठे रिकामी करण्याच्या कामी लावले जाते. त्यासाठी फाइल-व्यवस्थेने हाताशी ठेवलेल्या नोंदी तिच्याकडूनच सोडवून घ्याव्या लागतात आणि त्यांनाही कुलपे असतात. मागणारी खुद्द फाइल-व्यवस्थाच असेल, आणि तेच कुलूप तिने आधीच धरले असेल, तर? या कोंडीवरचा उपाय मला फार आवडला, कारण तो भाषेचा आहे. मागणीबरोबर एक शब्द जोडावयाचा: 'नोएफएस', म्हणजे 'माझ्यासाठी स्मृती शोधताना फाइल-व्यवस्थेकडे जाऊ नका'. मागणाऱ्याच्या हाती काय आहे ते देणाऱ्याला ठाऊक नसते. ते मागणाऱ्यानेच सांगावयाचे. पूर्वी हा शब्द प्रत्येक मागणीला वेगळा लावावा लागे आणि तो विसरला जाई किंवा भीतीपोटी नको तेथेही लावला जाई. २०१७ पासून 'येथून येथपर्यंत माझी प्रत्येक मागणी अशीच समजा' असे एकदाच सांगण्याची सोय झाली.

चक्रकाचे उदाहरण सर्वांत दारुण आहे. स्मृती पुरती संपली की गाभा एखाद्या प्रक्रियेचा बळी देतो. बळी मेल्यावर त्याची स्मृती मोकळी होणार. परंतु मरण्यापूर्वी बळी एका कुलपासाठी अडला आहे. ते कुलूप धरून बसलेला स्मृतीसाठी अडला आहे. आणि स्मृती बळीच्या मरणासाठी! २०१६ पासून यासाठी एक स्वतंत्र कामकरी नेमला आहे. तो बळीच्या मरणाची वाट न पाहता त्याची स्मृती आधीच काढून घेतो. त्यालाही एक कुलूप लागतेच. पण ते मिळाले नाही तर तो अडून बसत नाही. थोड्या थोड्या अवकाशाने दहा वेळा प्रयत्न करतो आणि नाद सोडतो. मग गाभ्याला दुसरा बळी शोधता येतो.

हे दोष सापडावेत कसे? दोन प्रक्रियांची वेळ नेमकी जुळली तरच कोंडी होते, एरवी वर्षानुवर्षे होत नाही. हंगेरीच्या इंगो मोल्नार यांनी २००६ साली गाभ्यातच एक पहारेकरी बसवला. कोणते कुलूप हाती असताना कोणते मागितले गेले, याची तो नोंद ठेवतो. आज कोणी 'अ'नंतर 'ब' घेतले आणि उद्या दुसऱ्या कोणी 'ब'नंतर 'अ', तर कोंडी झालेली नसतानाही तो इशारा देतो. स्मृती सोडवून घेण्याच्या कामालाही पुढे एक लटके कुलूप मानून त्याच्या वहीत घातले, म्हणजे तेथील वर्तुळही त्याला दिसू लागले. ज्या वाटेने कोणी गेलेच नाही, ती वाट मात्र त्याला ठाऊक नसते. शिवाय प्रत्येक कुलपाची नोंद ठेवल्याने यंत्र बरेच मंदावते. म्हणून तो गाभा घडवणाऱ्यांच्या यंत्रांत जागा असतो. तुमच्या-आमच्या संगणकांत बहुधा झोपलेलाच असतो.