निपचित देहातलं टेनिस

जुलै 2005. इंग्लंडमध्ये मोटार अपघातात 23 वर्षांच्या एका तरुणीच्या मेंदूला जबर मार लागला. पाच महिने उलटले. ती डोळे उघडायची, झोपायची, जागी व्हायची; पण हाकेला ओ नाही की सांगितलेली हालचाल नाही. तिला कसलीही जाणीव नाही, असंच निदान होतं.

तेव्हा केंब्रिजमध्ये असलेले मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांनी तिला एमआरआय यंत्रात ठेवून सांगितलं, ‘तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर.’ हालचालींची आखणी करणारा मेंदूचा भाग लगेच कामाला लागला. ‘आता मनातल्या मनात घरातल्या खोल्यांतून फिर,’ म्हटल्यावर जागा ओळखणारे भाग जागे झाले. अगदी निरोगी माणसांसारखे! शब्द ऐकून हे आपोआप घडलं असेल, अशी शंका निघालीच. पण मेंदूतली ही हालचाल ‘थांब’ म्हणेपर्यंत तब्बल 30 सेकंद टिकत होती. नुसत्या शब्दाचा पडसाद इतका टिकत नाही. 2006मध्ये हा निष्कर्ष ‘सायन्स’मध्ये छापून आला.

मग जाणीव असते तरी कुठे? पेशींच्या गर्दीत नक्कीच नाही. मेंदूतल्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी 69 अब्ज एकट्या लहान मेंदूत असतात. तरीही लहान मेंदूच नसलेली एक चिनी तरुणी चालत-बोलत होती. तोल थोडा जायचा, उच्चार अडखळायचे, एवढंच.

इटालियन संशोधक मार्सेल्लो मासिमिनी यांनी कवटीबाहेरून मेंदूला चुंबकीय टिचकी मारून पाहिली. जागेपणी तिचे तरंग दूरदूरच्या भागांत फिरले. गाढ झोपेत मात्र जागच्या जागी विरले. म्हणजे महत्त्व दिसतं ते भागाभागांतल्या संवादाला.

या संवादातून ‘मला वाटतंय’ हे कसं उगवतं, हे कोडं मात्र कायम आहे. पंचवीस वर्षांत उत्तर सापडेल, अशी पैज मेंदूशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ कॉख यांनी 1998मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी लावली होती. 2023मध्ये कॉख हरले आणि वाइन देऊन मोकळे झाले.

रुग्णालयांना तेवढी उसंत नाही. सूचनांना दृश्य प्रतिसाद न देणाऱ्या 241 रुग्णांची अशीच तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 2024मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतल्या 60 जणांचे मेंदू सूचना पाळत होते.