दाराचे कुलूप : बसवणे आणि दुरुस्ती

लखनौ शहराची ओळख एका दरवाजाने होते. 1784 च्या सुमारास नवाब आसफउद्दौला यांच्या काळात उभारलेली रूमी दरवाजाची कमान सुमारे 60 फूट उंच आहे. सामान्य माणसाच्या घराचे रक्षण मात्र तळहाताएवढे कुलूप करते. लखनौ ज्या उत्तर प्रदेशात आहे, त्याच राज्यातील अलीगड हे शहर कुलपांच्या उद्योगासाठी देशभर प्रसिद्ध आहे.

खटक्याच्या कुलपात धातूच्या अनेक पातळ पट्ट्या असतात. योग्य किल्ली प्रत्येक पट्टी नेमकी हवी तेवढीच उचलते आणि मगच आतील दांडा सरकतो. पट्टी कमी किंवा जास्त उचलली गेल्यास तो अडतो. इंग्लंडमधील रॉबर्ट बॅरन यांनी 1778 मध्ये या तत्त्वाचे एकस्व घेतले होते.

कुलूप सामान्यतः जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर बसवतात. प्रथम जागा पेन्सिलीने आखावी, गिरमिटाने छिद्रे पाडावीत आणि पटाशीने खाच कोरावी. कुलूप बसवल्यावर दार उघडे ठेवूनच किल्ली फिरवून पाहावी. दांडा सहज सरकला, तरच चौकटीवरील पट्टी ठोकावी.

लखनौमध्ये उन्हाळ्यात कोरडी लू वाहते, तर पावसाळ्यात हवा दमट होते. दमट हवेत लाकूड रुंदीला फुगते आणि दार चौकटीला घासते. बिजागरीचे स्क्रू सैल झाल्यास दार खाली झुकते. मग किल्ली फिरत नाही आणि दोष कुलपाला दिला जातो. खरा दोष ओळखणे सोपे आहे. दार उघडे असताना कुलूप नीट चालत असेल, तर ते निर्दोष समजावे. दांड्याच्या टोकाला खडू लावून दार बंद करावे व किल्ली फिरवावी. दांडा कोठे अडतो, ते पट्टीवरील खुणेवरून कळते. खूण छिद्राच्या खाली असल्यास वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळावेत. उरलेला थोडा फरक छिद्राची कड कानशीने घासून दूर करावा. भर पावसात मात्र दार रंधू नये. हिवाळ्यात लाकूड आकसले की तेथे फट पडते.

जड चालणाऱ्या कुलपात खाद्यतेल घालू नये. त्याला धूळ चिकटून कुलूप आणखी जाम होते. शिसपेन्सिलीची बारीक पूड किल्लीला लावणे हिताचे. किल्ली कधीही जोराने पिळू नये. ती आतच मोडू शकते.

चोराला अडवणाऱ्या कुलपाने घरच्यांनाही अडवू नये. आतूनही किल्लीनेच उघडणारे कुलूप असल्यास आग लागताच बाहेर पडणे कठीण होते. म्हणून रात्री किल्ली दाराजवळ, सर्वांना माहीत असलेल्या जागी टांगावी. न्हाणीघराची आतील कडी लहान मुलांच्या हाताला लागणार नाही, इतक्या उंचीवर असावी. बाहेरच्याला रोखणारे आणि आतल्याला सहज वाट देणारे कुलूपच उत्तम होय.